कॅमेऱ्याची उंची

कलेच्या प्रांतात ‘मानवी संबंध’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात तो असतो, महोत्सवाच्या भाषणात असतो, आणि व्हिडिओ-कलेविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले-बोलले जाते त्यात तर तो हटकून असतो. व्हिडिओ-कला माणसामाणसांतील नात्यांचा शोध घेते, रोजच्या साध्या व्यवहाराकडे नव्याने बघायला लावते, असे सांगितले जाते. हे विधान खोटे नाही. ते अपुरे आहे, आणि या देशात ते अपुरे ठेवणे अनेकांच्या सोयीचे आहे. माणसामाणसांतील म्हणजे कोणत्या माणसांतील? एकाच जमिनीवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांतील, की एक ओट्यावर बसलेला आणि दुसरा अंगणात उभा राहिलेला, अशा दोघांतील? हा प्रश्न टाळून केलेली समीक्षा कितीही सूक्ष्म असली तरी ती ओट्यावर बसून केलेली समीक्षा असते.

मी हा प्रश्न शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या जमिनीवर उभा राहून विचारतो आहे. माझे शिकणे आणि शिकवणे याच पट्ट्यात झाले. येथे कलादालन नाही. व्हिडिओ-कला हा शब्द घोडनदीच्या बाजारात उच्चारला तर लोक लग्नाचे शूटिंग करणाऱ्याचा पत्ता सांगतील. पण प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांतला जवळजवळ प्रत्येक जण काही ना काही चित्रित करतो. म्हणून हा विषय मुंबई-दिल्लीच्या दालनांवर सोडून देता येत नाही. कविता जशी आपण त्यांच्या हातून घेतली, तसे हे माध्यम घ्यायचे की नाही, आणि घ्यायचे तर कोणत्या जाणिवेने, हे ठरवायची वेळ आली आहे.

आधी व्हिडिओ-कला म्हणजे काय ते सरळ सांगतो. १९६० नंतरच्या दशकात सोनी कंपनीने एका माणसाला खांद्यावर वाहता येईल असा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आणला. सिनेमाला कथा लागे, नट लागत, भांडवल लागे. या यंत्राला यांपैकी काहीच लागत नव्हते. चित्रकार, शिल्पकार ते घेऊन आपल्या खोलीत शिरले, रस्त्यावर उतरले. कोणी तासभर एकाच कृतीकडे बघत राहिले, कोणी दोन माणसांमधले अंतर टिपले, कोणी प्रेक्षकालाच पडद्यावर आणले. कथा सांगण्यापेक्षा व्यवहार दाखवणे, आणि तो व्यवहार ज्या गतीने घडतो त्याच गतीने दाखवणे, हा या कलेचा मुख्य गुण ठरला.

या कलेच्या इतिहासात नेहमी सांगितले जाणारे एक उदाहरण घेऊ. १९७७ साली इटलीतील बोलोन्या शहरात मरीना अब्रामोविच आणि उलाय हे दोन कलावंत एका कलादालनाच्या अरुंद दारात, दोन बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून विवस्त्र उभे राहिले. आत जायचे तर प्रत्येकाला अंग चोरून, तिरके होऊन, त्या दोघांच्या मधून जावे लागे. दोघांपैकी कोणाकडे तोंड करायचे हे त्या क्षणी ठरवावे लागे. हे सारे चित्रित झाले. पुढे पोलिसांनी हा प्रयोग बंद पाडला. ‘इम्पॉन्डरॅबिलिया’ हे त्याचे नाव. माणसे कशी संकोचतात, कशी घाई करतात, नजर कुठे टाकतात, हे त्या चित्रीकरणात दिसते. स्पर्श ही गोष्ट रोजच्या व्यवहारात किती दडपलेली असते, याचा तो पुरावा आहे.

मला ही कलाकृती महत्त्वाची वाटते. पण आपल्या वाचकाने तिच्याकडे आपल्या डोळ्यांनी बघावे. बोलोन्याच्या त्या दारातून जाणाऱ्याला स्पर्शाचा संकोच आहे, प्रवेशाची शंका नाही. दार आपल्यासाठी उघडे आहे हे त्याने गृहीत धरले आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला दाराचा अनुभव कोणता होता? येसकर पाळीचा महार संध्याकाळी भाकरी मागायला जाई तेव्हा तो उंबऱ्याच्या बाहेर, अंतर राखून उभा असे. भाकरी वरून टाकली जाई, ती खाली पसरलेल्या घोंगडीत झेलायची असे. येथेही दोन माणसे आहेत, एक दार आहे आणि स्पर्शाचा प्रश्न आहे. परंतु या प्रश्नाला वर आणि खाली आहे. युरोपातल्या कलावंताने दोन देहांमधली फट मोजली. आपल्याला दोन देहांमधली उंची मोजायची आहे.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा पहिल्याच अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. त्या मनोऱ्याला मजल्यांवर मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडी नाही. या उपमेला शंभर वर्षे होऊन गेली. समाजशास्त्राने तिच्यावर पुष्कळ लिहिले. दृश्यकलेने मात्र तिच्यातून फार थोडे घेतले. वास्तविक ही उपमा दृश्याचीच आहे. ज्या समाजात नाते उभे आहे, त्या समाजात नाते टिपणाऱ्या कॅमेऱ्याची उंची हा तांत्रिक प्रश्न राहत नाही. तो नैतिक प्रश्न होतो.

हे ज्यांनी प्रथम ओळखले त्या कोणत्याही कलाशाळेत गेलेल्या नव्हत्या. तेलंगणात, झहीराबादजवळ पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था आहे. गावोगावच्या गरीब दलित स्त्रियांचे संघम तिने बांधले. या संघमांतल्या शेतमजूर बाया, त्यांतल्या कित्येक निरक्षर, १९९० नंतरच्या दशकात व्हिडिओ कॅमेरा शिकल्या आणि २००१ साली त्यांचा स्वतःचा माध्यम-न्यास उभा राहिला. बियाणे, ज्वारी-बाजरी, वरंगळच्या शेतकऱ्यांना आलेला बीटी कापसाचा अनुभव, अशा विषयांवर त्यांनी चित्रफिती केल्या. पण माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम त्यांनी तयार केलेली परिभाषा हे आहे. कॅमेरा खाली ठेवून वरच्या माणसाकडे रोखला, तो माणूस मोठा आणि दरारा असलेला दिसला, की त्या त्याला ‘पटेल शॉट’ म्हणतात. तेलंगणातला पटेल म्हणजे आपल्याकडचा पाटीलच. कॅमेरा वरून खाली रोखला, समोरचा माणूस लहान आणि दबलेला दिसला, की तो ‘गुलाम शॉट’. आणि कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असला, की तो ‘संघम शॉट’. कारण संघमात सगळ्या बाया जमिनीवर एका रांगेत बसतात, कोणी कोणाच्या वर नसते.

सिनेमाच्या पाठ्यपुस्तकात याच तीन गोष्टींना लो अँगल, हाय अँगल आणि आय लेव्हल म्हणतात. तेथे ती कॅमेऱ्याच्या कोनाची नावे आहेत. पस्तापूरच्या बायांनी त्या कोनांना सामाजिक संबंधांची नावे दिली. हे सौंदर्यशास्त्र आहे, आणि मी हा शब्द पूर्ण जबाबदारीने वापरतो. शरद पाटलांनी अब्राह्मणी सौंदर्यशास्त्राची मांडणी केली, शरदचंद्र मुक्तिबोधांनी मानुषतेचा निकष पुढे ठेवला, त्यावर आपल्याकडे चर्चासत्रे झाली. दलित शेतमजूर स्त्रियांनी कॅमेऱ्याच्या उंचीला दिलेली ही तीन नावे त्या चर्चेत यायला हवीत. ती आली नाहीत, कारण सिद्धांत हा ग्रंथातच असतो अशी आपलीही समजूत आहे. या एका बाबतीत आपण अजून ब्राह्मणीच आहोत.

हा निकष हातात घेऊन दालनातल्या कलेकडे वळू. मुंबईतील ‘कॅम्प’ या कलावंत-गटाचे काम येथे पाहण्यासारखे आहे. या गटातील शायना आनंद यांनी २००६ साली दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशन या वस्तीत ‘खिडकीयाँ’ हा प्रयोग केला. घरे, दुकाने, गल्ल्या अशा वेगवेगळ्या ठिकाणी टीव्ही संच आणि त्यांच्यावर साधे पाळतीचे कॅमेरे बसवले, केबलने ते एकमेकांना जोडले. चार ठिकाणची माणसे एकाच पडद्याच्या चार भागांत दिसू लागली आणि आपापसांत बोलू लागली. कॅमेऱ्यामागे दिग्दर्शक नव्हता. एरवी जे यंत्र चोर पकडण्यासाठी भिंतीच्या वर टांगतात, ते टीव्हीवर, बसलेल्या माणसासमोर आले आणि शेजाऱ्याची ओळख करून देऊ लागले. पस्तापूरच्या भाषेत सांगायचे तर गुलाम शॉटचे यंत्र संघम शॉटच्या कामाला लावले गेले.

याच गटाची २०२२ सालची ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ ही कलाकृती वेगळी आहे. मध्य मुंबईतल्या पस्तीस मजली इमारतीवरच्या पाळतीच्या कॅमेऱ्याने तिचे चित्रीकरण केले आहे. सात पडद्यांवर शहर वरून खाली उतरत येते: टोलेजंग इमारती, मग बांधकामे, मग पत्र्यांची छपरे आणि वस्त्या. सोबत मुंबईच्या कामगार आणि विद्रोही परंपरेतले शब्द ऐकू येतात. बाबासाहेबांचा मनोरा मी पडद्यावर इतका स्पष्ट क्वचितच पाहिला. मजले दिसतात, शिडी नाही हेही दिसते. तरी माझा एक आक्षेप राहतो. कॅमेरा खाली बघत उतरतो, पण त्याचे पाय पस्तिसाव्या मजल्यावरच आहेत. खालचा माणूस वर बघून काय बोलला असता, याची उणीव ध्वनीने भरून काढावी लागते. या कलावंतांना ही मर्यादा ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनी ध्वनी खालून घेतला असावा असे मला वाटते. अमोल पाटील या मुंबईच्या कलावंताने चाळीचे आणि सफाई कामगारांचे जीवन शिल्पांत, चित्रांत आणि व्हिडिओत आणले. जर्मनीतील कासेल येथील २०२२ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनापर्यंत ते गेले. त्यांच्या बाबतीत खालून बोलणारा माणूस कलाकृतीच्या आतच आहे. हा फरक कौशल्याचा नाही, अनुभवविश्वाचा आहे.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे येतो. येथे कोणते संबंध आहेत आणि ते कोणत्या उंचीवरून दिसतात? रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मराठवाड्यातून आणि परप्रांतातून आलेली कंत्राटी पोरे आहेत. खोलीमालक नाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आणि मग खोली रिकामी नसते. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे आहेत, चुलवाणापाशी राबणारे बरेचसे उत्तरेकडचे. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाची उचल दोघांच्या डोक्यावर असते, आणि बिऱ्हाड कोपीत असते. दौंड जंक्शनवर सोलापूरकडची आणि मनमाडकडची लोहमार्गाची वाट मिळते; फलाटावर सगळ्या जातींची माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि गावच्या फाट्यावर उतरली की पुन्हा आपापल्या आळीत जातात. गाडीत शिवाशीव मोडते आणि गावात पुन्हा जुळते. मोडणे आणि जुळणे यांच्यातले ते एक-दोन तास टिपायला व्हिडिओइतके योग्य माध्यम दुसरे नाही. कादंबरीला ते सांगावे लागेल. व्हिडिओ ते घडताना दाखवील.

चौफुल्याची कलाकेंद्रे याच दौंड तालुक्यात आहेत. संगीत बारीत नाचणाऱ्या स्त्रीकडे बघण्याची एकच उंची आजवरच्या मराठी सिनेमाने ठरवून दिली होती; ती बैठकीत तक्क्याला टेकलेल्या पुरुषाची. सावित्री मेधातुल यांनी २००८ साली ‘नटले तुमच्यासाठी’ हा लावणी कलावंत स्त्रियांवरचा माहितीपट केला. ही स्त्री आपल्या कलेबद्दल आणि जगण्याबद्दल स्वतः बोलते, हे त्याचे मोल आहे. ती बोलू लागली की बैठकीतल्या पुरुषाची जागा प्रेक्षकाला सोडावी लागते. ज्या जमातींच्या मुली पिढ्यान्‌पिढ्या या व्यवसायात आल्या, त्यांच्यातल्या एखादीने स्वतः कॅमेरा धरला तर हे आणखी कोठवर जाईल, याचा विचार आपण करायला हवा.

शिरूर तालुक्याचे नाव घेतले की कोरेगाव भीमा टाळता येत नाही. विजयस्तंभ भीमेच्या अलीकडे, हवेली तालुक्यातल्या पेरणे हद्दीत आहे. पूल ओलांडला की कोरेगाव भीमा, शिरूर तालुका. १ जानेवारी १८१८ ची लढाई, १ जानेवारी १९२७ ची बाबासाहेबांची भेट, आणि तेव्हापासून वाढत गेलेली गर्दी. सांगली जिल्ह्यातून आलेले सोमनाथ वाघमारे यांनी या मेळाव्यावर ‘द बॅटल ऑफ भीमा कोरेगाव’ हा माहितीपट केला. तो २०१७ साली आला, म्हणजे १ जानेवारी २०१८ च्या हल्ल्यांच्या आधी. हे साल लक्षात ठेवावे. तोपर्यंत मोठ्या वृत्तवाहिन्यांना या गर्दीचे चेहरे माहीत नव्हते. आपल्यातल्या एका तरुणाने गर्दीत उतरून, गर्दीच्या उंचीवरून ते टिपले. पुढे चैत्यभूमीवरच्या ६ डिसेंबरच्या समुदायावरही त्यांनी माहितीपट केला.

२०१८ नंतर चित्र उलटे झाले. आता १ जानेवारीला स्तंभाच्या वर ड्रोन फिरतात, रस्त्याला पाळतीचे कॅमेरे असतात, वाहिन्यांच्या गाड्या असतात. दृश्ये पुष्कळ झाली आणि ती सगळी वरून घेतलेली आहेत. वरून बघितले की गर्दी म्हणजे बंदोबस्ताचा आकडा होतो. लातूरहून रात्रभर प्रवास करून आलेली म्हातारी, स्तंभासमोर चपला काढून उभा राहिलेला तरुण, पुस्तकांच्या दुकानात पैसे मोजून एक पुस्तक परत ठेवणारी आणि एक घेणारी मुलगी, हे ड्रोनला दिसत नाही. सुरक्षेसाठी वरचा कॅमेरा लागतो, हे मी मान्य करतो. त्या दिवशीच्या हल्ल्यांनंतर तो आपल्यालाही हवा आहे. पण पाळतीचे दृश्य हेच आपले एकमेव दृश्य राहिले तर पुढची पिढी आपल्याला पोलिसांच्या नजरेने ओळखील.

आणखी एक भयंकर उंची आहे. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले गेले. मारणाऱ्यांनी स्वतः त्याचे चित्रीकरण केले आणि ते पसरवले. ते दृश्य आपल्याही फोनवर आले, आपणही संतापाने ते पुढे पाठवले. त्यातून आंदोलन उभे राहिले, हे खरेच. पण कॅमेरा मारणाऱ्याच्या बाजूला उभा होता, हेही तितकेच खरे. असे दृश्य पुन्हा पुन्हा पाठवताना आपण कोणाच्या डोळ्यांनी आपल्याच माणसाकडे बघतो, हे विचारायला हवे. पुरावा म्हणून ते न्यायालयात जाऊ द्या. गावच्या गटावर सकाळच्या शुभेच्छांच्या शेजारी ते जाऊ नये.

दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला प्रश्न विचारले, आता आपल्या कॅमेऱ्याला विचारू. १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या चित्रफिती बघा. आपल्याच पोरांनी काढलेल्या आहेत, संगीत आपलेच आहे, निळा आपलाच आहे. पण नेता कसा दिसतो? गाडीच्या टपावर उभा, कॅमेरा त्याच्या पायाशी, मागे आकाश. हा तंतोतंत पटेल शॉट आहे. आणि कार्यकर्ते कसे दिसतात? स्टेजवरून घेतलेली डोकी. हा गुलाम शॉट. पाटलाच्या वाड्यातून आपण बाहेर पडलो, पण त्याच्या नजरेचा कोन सोबत घेऊन आलो. ज्या बाया रात्री उशिरापर्यंत मिरवणुकीसाठी स्वयंपाक करतात त्या कोणत्याच कोनात येत नाहीत. चळवळीत विषमता कुठे शिरली हे ठरावांतून कळत नाही. आपल्या जयंतीचे चित्रीकरण आवाज बंद करून बघावे, लगेच कळते.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला कलावाद्यांचा: माहितीपट म्हणजे कला नव्हे, संघमच्या बायांची चित्रफीत म्हणजे व्हिडिओ-कला नव्हे. हा आक्षेप आपण ‘बलुतं’ आले तेव्हाही ऐकला आहे. आत्मकथन म्हणजे वाङ्मय नव्हे, असे म्हणणारे होतेच. दालनात लावली म्हणून कृती कला होत नाही, आणि शेतात दाखवली म्हणून ती कलेतून बाद होत नाही. दोन माणसांतले नाते तिने आपल्याला नव्याने दाखवले का, एवढेच विचारावे. दुसरा आक्षेप आपल्यातल्याच कार्यकर्त्यांचा: लोकांना पाणी नाही, जमीन नाही, आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल काय बोलता? त्यांना मी महाडची आठवण देईन. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले ते तहान भागवण्यासाठी नव्हे. माणूस म्हणून आपण इतरांच्या बरोबरीने त्या काठावर उभे राहू शकतो, हे दाखवण्यासाठी. दिसणे हा हक्काचाच भाग आहे. कोणत्या उंचीवर दिसणे, हाही.

म्हणून या दोन तालुक्यांतल्या शिक्षकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे एक साधे काम ठेवतो. मोठे कथानक नको. चहाच्या टपरीवर कप कसा दिला जातो, हातात की फळीवर, हे दहा मिनिटे न हलता टिपा. ग्रामसभेत कोण खुर्चीवर, कोण सतरंजीवर, कोण दाराबाहेर, हे टिपा. मुकादम आणि कोयता हिशेबाला बसतात तेव्हा कोणाची मान कशी असते ते टिपा. पण तीन पथ्ये पाळा. ज्या दुबळ्या माणसाचे चित्रण करता त्याला आधी विचारा, आणि झाल्यावर त्याला आधी दाखवा; तो नको म्हणाला तर पुसून टाका. चोरून घेतलेल्या चित्रणाने उद्या त्याचीच मजुरी जाणार असेल तर ते घेऊ नका. आणि चित्रण करताना गुडघे वाकवून, मांडी घालून, जेथे तो आहे तेथे बसा.

हे काम करायला कलादालनाची वाट बघायचे कारण नाही. समाजमंदिराची भिंत पांढरी असते आणि तीवर चादर लावली की पडदा होतो. तेथे आधी आपल्या वस्तीने बघावे आणि मग, बोलावून, गावाने. गाव येईल की नाही, आले तर कोणत्या रांगेत बसेल, हेही चित्रित करून ठेवावे.